थेरपी डॉग सोबत घेऊन मुलांना जनावरांची डॉक्टरकी कशी शिकवायची

शाळेतून फोन आला की पलीकडून दोन प्रश्न ठरलेले असतात. एक म्हणजे कुत्रं चावणार नाही ना, आणि दुसरा म्हणजे मुलांना इंजेक्शन वगैरे दाखवाल का. पहिल्याला मी कधीच "नाही हो, अजिबात नाही" असं म्हणत नाही, कारण तोंडात दात असलेलं कुठलंही जनावर चावू शकतं, आणि हे लपवून सुरू केलेला तास म्हणजे पायाच कच्चा. दुसऱ्याचं उत्तर चक्क नाही असंच आहे. कुत्र्यावर इंजेक्शन नाही, थर्मामीटर नाही, कानात काही घालणं नाही. मग उरलं काय असं समोरचा विचारतो, तर भरपूर उरतं, एका तासात मावत नाही एवढं उरतं.

ठमी माझी कुत्री. सहा वर्षांची, मिश्र जातीची, एक कान उभा आणि एक पडलेला, वजन २२ किलो (या आकड्यावर पुढे यायचंच आहे). तीनेक वर्षं आम्ही दोघी असे तास घेतोय आणि त्यात मी चुका पोटभर केल्यात, त्यामुळे खालचं बरंचसं "असं करा" पेक्षा "असं करू नका, मी करून बसलेय" या चालीचं आहे.

आधी कुत्रं कुठलं न्यायचं ते बघा

थेरपी डॉग आणि सर्व्हिस डॉग यात लोकांचा कायम घोळ होतो. सर्व्हिस डॉग एकाच माणसाचा असतो, त्या माणसाला दिसत नसेल, ऐकू येत नसेल, फिट येत असेल, तर त्याच्यासाठी ठराविक कामं शिकलेला, आणि तो कामावर असताना त्याला हात लावायचा नसतो. थेरपी डॉगचं बरोबर उलटं, त्याचं कामच अनोळखी माणसांत जाऊन शांत बसणं आणि हात लावू देणं. न्यू यॉर्कमधले बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्या लक्षात आलं की त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा खोलीत असला की गप्प राहणारी मुलं मोकळी होतात, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ते जाहीरपणे मांडलं, आणि तिथून ही कल्पना लोक गंभीरपणे घ्यायला लागले. डॉक्टरकी शिकवायला असं कुत्रं बरं पडतं कारण मुलं त्याच्यापुढे हुशारी दाखवायला जात नाहीत, बरोबर-चूक याची भीती नसते, त्यामुळे निवांत बघतात आणि विचारतात.

पण घरात गुणी असलेलं प्रत्येक कुत्रं यात चालत नाही हो. घरात चार माणसांच्या मांडीवर लोळणं वेगळं आणि वर्गातल्या वीस अनोळखी हातांत शांत राहणं वेगळं. अमेरिकेतली पेट पार्टनर्स ही संस्था थेरपीसाठी कुत्रं घेताना ते किमान १ वर्षाचं असावं आणि त्या घरात किमान ६ महिने राहिलेलं असावं असं बघते, कच्चं मांस खाणारी कुत्री घेत नाही (साल्मोनेलासारखे जंतू त्यांच्या लाळेतून आणि शीतून पसरू शकतात, तब्येत ठणठणीत दिसत असली तरी), आणि दिवसाला २ तासांपेक्षा जास्त काम नको म्हणते. तुमच्याकडे कुठली संस्था रीतसर चाचणी घेत असेल तर ती द्याच, नसेल तर निदान हे नियम तरी घरच्या घरी पाळा. लसी पूर्ण, रेबीजची तर तारखेसकट कागदावर, जंताचं औषध वेळेवर, अंगावर गोचीड-पिसवा नाहीत. आणि माझी स्वतःची एक अट, कुत्र्याला व्हेटचं, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरचं, वावडं नको. जे कुत्रं दवाखान्याच्या दारात चारही पाय रोवून बसतं त्याच्यापुढे स्टेथोस्कोप नाचवून तुम्ही मुलांना काय शिकवणार, भीतीच ना.

हनुवटी टेकवायला शिकवा, बाकी सगळं नंतर

हा भाग मोठा होणार आहे कारण सगळा खेळ इथेच आहे.

पहिल्या वर्षी एका शाळेत पस्तीसेक मुलं गोल करून बसवली होती, मी मधोमध, आणि मोठ्या उत्साहात "चला आता दात बघूया" म्हणून ठमीचा ओठ उचलला. तिने मान वळवली. मी परत उचलला. तिने नाक चाटलं आणि मोठी जांभई दिली, मी म्हटलं बघा ठमीला झोप आली, सगळी पोरं हसली. तिसऱ्यांदा हात गेल्यावर ती उठली, बाकाखाली गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. गुरगुरली नाही, काही नाही. बाई म्हणाल्या लाजली वाटतं, मी पण हसले. घरी जाताना डोक्यात किडा वळवळायला लागला की आपण आज तासभर मुलांना नेमकं शिकवलं काय, तर कुत्रं तीनदा नको म्हणालं तरी हसायचं आणि परत हात घालायचा.

त्यानंतर मी दोन महिने शाळा बंद ठेवल्या आणि ठमीला हनुवटी टेकवायला शिकवलं. प्रकार साधा आहे. मांडीवर किंवा बुटक्या स्टुलावर टॉवेलची घडी ठेवायची, कुत्र्याने त्यावर हनुवटी टेकवली की तपासणी चालू, उचलली की त्याच क्षणी हात मागे. म्हणजे चालू-बंदचं बटण कुत्र्याकडे. बळजबरीने डोकं दाबून ठेवायचं नाही, टॉवेलवर खाऊ ठेवून फसवायचं पण नाही, कारण मग ती खाऊसाठी सहन करते आणि आपल्याला वाटतं तयार आहे.

शिकवायचं कसं, तर घडी समोर ठेवून गप्प बसा. कुत्रं हुंगेल, नाक लावेल, लावलं की लगेच "हां" म्हणा आणि खाऊ द्या, तोही टॉवेलपासून थोडा लांब, म्हणजे ते परत चालत येईल. दोन-तीन दिवसांत हनुवटी टेकायला लागते. मग एक सेकंद, मग तीन, मग दहा. दहा सेकंद आरामात जमले की मगच हात आणायचा, आधी फक्त हवेत, मग खांद्याला बोट, मग कान, मग पंजा, आणि प्रत्येक वेळी हनुवटी खालीच असेल तरच पुढची पायरी. वस्तूंचं पण तसंच, स्टेथोस्कोप आधी जमिनीवर नुसता पडू दे, मग हातात, मग अंगाला टेकव. त्याची चकती गार असते ती तळहातात धरून कोमट करून घ्या, ठमीने पहिल्यांदा ती पोटाला लागल्यावर माझ्याकडे असं बघितलं होतं की विचारू नका. रोज पाच मिनिटं पुरे, जास्त ताणलं की दोघंही वैतागतात. आम्हाला पाच आठवडे लागले, काही कुत्री आठवड्यात शिकतील, काही दोन महिने घेतील, घाई नाही.

आता गंमत अशी की हे वर्गात दाखवल्यावर मुलं बाकी सगळ्यापेक्षा यातच गुंगतात. कारण त्यांना स्वतःला कधी कुणी विचारलेलं नसतं ना, की आता सुई टोचू का, थांबू का. एका चौथीतल्या मुलीने विचारलं होतं, दाताच्या डॉक्टरकडे मला असा टॉवेल मिळेल का. मी काय बोलणार.

जायच्या आधीची तयारी, भराभर

बाईंना किंवा सरांना आधीच विचारून घ्या की कुत्र्याची ॲलर्जी कुणाला, दमा कुणाला, भीती कुणाला, आणि पालकांची लेखी परवानगी. भीती असलेल्या मुलाला "अगं काही करत नाही ती" म्हणून पुढे ढकलणाऱ्या मोठ्यांना आवरणं हे तुमचंच काम, त्या मुलाला लांब बसून नोंदी लिहायचं काम द्या, माझ्या अनुभवात सगळ्यात चांगल्या नोंदी तीच मुलं लिहितात. आदल्या दिवशी आंघोळ, नखं कापून घासलेली. फरशी गुळगुळीत असते म्हणून खाली अंथरायला जाड मॅट न्या, घसरणारं कुत्रं घाबरलेलं कुत्रं असतं. पाण्याची वाटी घरची. दाराजवळची जागा घ्या, कोपरा नको, कुत्र्याला निघून जायची वाट दिसली पाहिजे.

मुलं एका वेळी आठ-दहा. पस्तीस नाही. शाळा म्हणेल सगळ्यांना एकदम बसवू, वेळ वाचेल, तर नाही म्हणा.

आणि बोलणारा माणूस वेगळा, लीश धरणारा वेगळा. एकटीने दोन्ही करायला गेलात तर बोलण्याच्या नादात कुत्र्याकडे बघायचं राहतं, मी वर सांगितलेला बाकाखालचा प्रकार त्यातूनच झाला. आता लीश माझ्या हातात असते, मी जवळजवळ बोलतच नाही, मैत्रीण बोलते.

तासाची सुरुवात: दहा मिनिटं कुणीच हात लावायचा नाही

मुलं चिडतात, चिडू दे. व्हेट खोलीत आलेल्या जनावराला आधी लांबूनच बघतो, कारण एकदा हात लागला की जनावर ताठरतं, श्वास वाढतो, आणि खरं चित्र निघून जातं. त्यामुळे पहिली दहा मिनिटं वही-पेन्सिल घेऊन नुसतं बघायचं. चालताना चारही पाय सारखे टाकते का? बसताना एका अंगावर कलते का? डोळे-नाक स्वच्छ आहेत का? केस चमकतात का, कुठे चाटून चाटून विरळ झालेत का?

याच वेळात श्वास मोजून घ्यायचा. पोट-छाती वर गेली आणि खाली आली की एक. १५ सेकंद मोजा, गुणिले ४. निवांत बसलेल्या कुत्र्याचा श्वास मिनिटाला साधारण १० ते ३० असतो. ती जीभ बाहेर काढून धापत असेल तर मोजू नका, तो अंग थंड करायचा मार्ग आहे, कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांत. (हे कळल्यावर प्रत्येक वर्गात कुणीतरी पंजाचा वास घ्यायला निघतं. घेऊ द्या, ठमीने हनुवटी टेकवली असेल तर.)

मग देहबोली. जांभई, नाक चाटणं, मान फिरवणं, अंग झटकणं, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसणं, शेपूट पोटाखाली, आणि सगळ्यात फसवी म्हणजे एकदम पुतळ्यासारखं गप्प होणं. शेपूट हलतेय म्हणजे खूश हे मुलांना पाठ असतं, ते खोडून काढा, शेपूट हलणं म्हणजे कुत्रं आतून चाळवलंय एवढंच, आनंदाने का तणावाने हे बाकीचं अंग बघून ठरवायचं. सैल अंगाने कंबरेपासून हलणारी शेपूट वेगळी, आणि ताठ उभी राहून वरच्या वर थरथरणारी वेगळी. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला ओरडायचं नाही हेही इथेच सांगा, ते बिचारं शब्दात सांगतंय, तो शब्द काढून घेतला तर पुढच्या वेळी सरळ दातच.

हात लावायची वेळ आली की तीन सेकंदांचा नियम. डोक्यावरून हात आणायचा नाही, बाजूने, खालून, खांदा किंवा छाती खाजवायची, तीन सेकंद, मग हात परत आपल्या मांडीवर. कुत्रं पुढे झुकलं, नाकाने हात ढोसला, तर हो. मागे कललं, तोंड फिरवलं, नुसतंच उभं राहिलं, तर नाही. काहीच न करणं हा होकार नव्हे, हे दोनदा सांगा.

तपासणी

आता मुलांना दोन-दोनच्या जोड्यांत बोलवा, एक डॉक्टर, एक लिहिणारा. बाकीचे बघणारे. हात आधी साबणाने धुऊन.

हृदयाचे ठोके सगळ्यात आधी, कारण त्याची वाट सगळे बघत असतात. ठमीच्या डाव्या बाजूला, पुढच्या पायाचं कोपर छातीला टेकतं तिथे, कोपराच्या जरासं मागे स्टेथोस्कोप ठेवायचा. लीश हलवू नका, केसांवर चकती घासू नका, नाहीतर फक्त खरखर ऐकू येते. एकदा एका पोराने मोजून जाहीर केलं, "१७६!" आणि वर्गात एकदम शांतता, ठमी आजारी आहे की काय. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचे ठोके मिनिटाला साधारण ६० ते १४० च्या आत असतात, मोठ्या अंगाच्याचे कमी, छोट्या जातींचे जास्त, पिल्लांचे त्याहून जास्त. मी त्याला म्हटलं कसं ऐकू येतंय ते तोंडाने वाजवून दाखव. तो म्हणाला, "लब. डब. लब. डब." आणि प्रत्येकाला एक बोट दुमडलं. झालं. लब-डब मिळून एक ठोका, म्हणजे ८८. ही चूक इतकी हमखास होते की मी आता आधी सांगतच नाही, होऊ देते, कारण स्वतः केलेली चूक ती मुलं जन्मात विसरत नाहीत.

दुसरी हमखास घाबरगुंडी म्हणजे "मध्येच थांबतंय!" शांत, निरोगी कुत्र्याचे ठोके एकसारखे घड्याळासारखे पडत नाहीत, श्वास आत घेताना जलद होतात आणि सोडताना सावकाश. आपल्यातही असतं, पण कुत्र्यात ते साध्या कानाला कळण्याइतकं ठळक. एकाला ठोके ऐकायला सांगा, दुसऱ्याला छाती वर-खाली होताना हात वर-खाली करायला सांगा, दोन मिनिटांत त्यांचं त्यांनाच कळतं की थांबणं आणि श्वास यांचा मेळ बसतोय. अर्थात प्रत्येक अनियमित ठोका नॉर्मल नसतो, ते ठरवायला व्हेट लागतो, हे पण सांगून टाका.

हिरड्या. इथे ओठ मी उचलते, मुलं नाही. निरोगी हिरडी गुलाबी, ओलसर. बोटाने दाबली की पांढरी पडते आणि सोडल्यावर २ सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी, त्याहून वेळ लागला तर रक्त नीट फिरत नाहीये असा संशय घ्यायचा. मुलांनी कुत्र्याच्या तोंडात बोट घालायची गरजच नाही, तोच प्रयोग स्वतःच्या नखावर करता येतो, दाबा, सोडा, मोजा. ठमीच्या हिरड्यांवर काळे डाग आहेत, तिथे रंग कळत नाही, मग खालची पापणी जरा ओढून आतला रंग बघायचा. दातांसाठी मात्र मी आता घरी काढलेले फोटो नेते, मोठ्या कुत्र्याला ४२ दात, पिल्लाला दुधाचे २८, एवढं फोटोवरून मोजता येतं आणि कुणाचा ओठ दहादा उचलावा लागत नाही. कुत्र्याला माणसाची टूथपेस्ट लावायची नाही हे आठवणीने सांगा, काहींत झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असतं, ते कुत्र्याला विषारी.

नाडी मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला, वरती मांडी अंगाला मिळते तिथे, तीन बोटं हलकी ठेवून. लहान मुलांना ही पटकन सापडत नाही, आणि तिथे हात लावणं सगळ्या कुत्र्यांना आवडतही नाही, त्यामुळे सातवीच्या खाली मी सोडूनच देते.

ताप हा विषय नुसता बोलून. कुत्र्याचं नॉर्मल तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस, म्हणजे १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, आपल्यापेक्षा गरमच, म्हणून कुत्रं कायम उबदार लागतं. मोजतात गुदद्वारातून, यावर वर्ग पाच मिनिटं हसणार, हसू द्या, पण करून दाखवायचं नाही, सगळ्यांसमोर ते कुणाला आवडेल. "नाक कोरडं म्हणजे ताप" हे मात्र खोडा. झोपून उठलेल्या कुत्र्याचं नाक कोरडं असतं, उन्हात बसलं तरी कोरडं असतं, थर्मामीटरशिवाय ताप कळत नाही.

वजन. हे मला स्वतःला महागात पडलेलं प्रकरण. घरचा साधा काटा, आधी मी एकटी, मग ठमीला उचलून, वजाबाकी मुलं करतात, आणि माझं वजन अख्ख्या वर्गाला कळतं ते वेगळंच. एका शाळेत आम्ही दर महिन्याला जायचो आणि तिथल्या पोरांनी भिंतीवर आलेख लावला होता. २२, २२.४, २३.१, २४. चौथ्या महिन्यात एक मुलगा उठून म्हणाला, ताई तुम्ही हिला जास्त खायला घालताय. मी म्हटलं छे, दोन किलो तर वाढलंय. तर त्याने तिथल्या तिथे हिशोब केला, ६० किलोच्या माणसाचे हे साडेपाच किलो झाले. हनुवटीच्या ट्रेनिंगचा खाऊ मी रोजच्या खाण्यातून वजाच केला नव्हता! तेव्हापासून बरगड्यांची तपासणी पण घेतो आम्ही, बरगड्यांवर तळहात सपाट फिरवला की त्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत पण लांबून दिसता कामा नयेत, आणि वरून बघितलं की कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. व्हेट याला १ (हडकुळं) ते ९ (लठ्ठ) असे गुण देतात, ४-५ म्हणजे छान. ठमीला त्या पोरांनी ७ दिले. आता ती परत २२ वर आहे.

बँडेज, गोळी, इंजेक्शन हे सगळं खेळण्यातल्या टेडीवर. टेडीच्या पायाला बँडेज गुंडाळा आणि मग त्या पट्टीखाली दोन बोटं सरकतात का बघा, सरकली नाहीत तर फार घट्ट. ठमी शेजारी झोपून बघत असते, तेवढा तिचा सहभाग पुरे.

मुलं विचारणारच, तयारीत राहा

आमच्या कुत्र्याला डोकं दुखलं तर आपली गोळी देऊ का? नाही, पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन दोन्ही कुत्र्याला घातक ठरू शकतात, व्हेटला विचारल्याशिवाय माणसाचं औषध काहीच नाही. चॉकलेट का नाही? त्यातलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं, चॉकलेट जितकं काळं तितकं वाईट. द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, हेही नाहीच.

कुत्रं चावलं तर? वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवायची, मोठ्या माणसाला लगेच सांगायचं, आणि त्याच दिवशी डॉक्टर. ओरडा बसेल म्हणून मुलं लपवतात, म्हणून हे अगदी स्पष्ट सांगा, रेबीजची लक्षणं एकदा दिसली की वाचणं जवळजवळ अशक्य, पण त्याआधी वेळेत लस घेतली तर तो टाळता येतो. लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये जोसेफ माइस्टर नावाच्या ९ वर्षांच्या मुलाला ही लस दिली आणि तो वाचला, हे सांगितलं की चौथी-पाचवीची मुलं कान टवकारतात, आपल्याच वयाचा ना.

आणि एक प्रश्न येतोच येतो, व्हेट प्राण्यांना मारतात का. टाळू नका. कधी कधी जनावर खूप दुखण्यात असतं आणि बरं होण्यासारखं नसतं, तेव्हा त्याला दुखू न देता जाऊ देतात, आणि ते काम व्हेटलाही जड जातं. एवढं बोलून थांबा, रडणारं मूल असेल तर बाईंना खूण करा. ठमी बऱ्याचदा आपण होऊन अशा मुलाजवळ जाऊन बसते, पण ते तिच्यावर सोडा, तिला पाठवू नका.

मोठे विद्यार्थी असतील तर

प्राणी-वैद्यकाला जाऊ इच्छिणारी कॉलेजची मुलं असतील तर तपासणीपेक्षा बोलणं शिकवा. जनावर बोलत नाही, म्हणून अर्धं निदान मालकाला विचारलेल्या प्रश्नांतून निघतं. मी आजारी कुत्र्याची मालकीण बनते, घोळात घालणारी उत्तरं देते, "नेहमीसारखंच खाते हो" वगैरे, आणि त्यांनी खोदून काढायचं, शेवटचं कधी खाल्लं, किती, पाणी जास्त पितेय का, शी कशी, उलटी का नुसता खोकला, घरात कुठलं औषध हाताला लागण्यासारखं आहे का. हुशार मुलं पण "काय झालंय हिला" असं विचारतात. अहो तेच तर तुम्ही शोधायचंय! याच मुलांना एकाने ठोके आणि दुसऱ्याने मांडीतली नाडी एकाच वेळी मोजायला लावा, दोन्ही आकडे जुळले पाहिजेत, ठोका ऐकू आला पण नाडी लागली नाही असं वारंवार झालं तर हृदयाची लय बिघडल्याची शंका येते.

एक पथ्य मात्र पाळा, वर्गात निदान करायचं नाही. कुणी म्हणालं आमच्या कुत्र्याला असं असं होतंय, तर उत्तर एकच, व्हेटकडे न्या, हे प्रश्न लिहून न्या.

संपवायचं कधी

घड्याळात ४० मिनिटं लावलेली असतात पण संपवते ठमी. हनुवटी दोनदा लागोपाठ उचलली की मी मैत्रिणीला खूण करते, मॅट गुंडाळते, आणि ज्यांचा नंबर राहिला त्यांना पुढच्या वेळी सगळ्यात आधी घेते, ती नावं बाई फळ्यावर लिहून ठेवतात. पहिल्यांदा कुरकुर होते. मग सगळ्यांनी परत साबणाने हात धुवायचे, स्टेथोस्कोपची कानातली टोकं आणि चकती स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची, ती टोकं तर प्रत्येक मुलानंतर. घरी आल्यावर मॅट धुवायला टाका, कुत्र्याला पंजापासून कानापर्यंत एकदा चाचपून बघा, आणि झोपू द्या, ठमी असा तास झाला की संध्याकाळपर्यंत हलत नाही, दुसऱ्या दिवशी मी काहीच ठेवत नाही.

तपासणीत लिहिणाऱ्या मुलांनी भरलेली कार्डं जपून ठेवा, पुढच्या तासाची सुरुवात मागचं कार्ड वाचून करायची, व्हेट पण तेच करतो. मागच्या महिन्याचं एक माझ्यासमोर आहे, अक्षर वाकडंतिकडं. श्वास १८. ठोके ९२, खाली खोडलेलं १८४. वजन २२.१. हिरड्या गुलाबी आणि काळ्या. पंजा: बघू दिला नाही, दोनदा विचारलं, पुढच्या वेळी विचारणे.